खालच्या सिन्योराचं घर आम्ही घ्यावं का?

पत्र आलंय ते कापून देतेय, ओळख पटेल असं सगळं काढलंय, पण काढलेल्यातल्या काही गोष्टी उत्तरात येतील.

"ताई, मी मूळची लालबागची. दोन वर्षं झाली इटलीत मिलानोत आहे, नवरा इंजिनिअर, मी घरून डिझाइनचं काम करते. व्हिया पादोवा नावाच्या रस्त्याच्या एका आडगल्लीत राहतो. जुनी बिल्डिंग, मधे अंगण, प्रत्येक मजल्याला लोखंडी कठड्याची गॅलरी, अगदी आमच्या चाळीसारखी, म्हणून तर बघताक्षणी हो म्हटलं होतं. मला आता सातवा महिना आहे. आमच्या मालकाच्या इथे दोन जागा आहेत, एक आमची आणि एक बरोबर आमच्या खालची. खाली ७८ वर्षांची सिन्योरा, म्हणजे बाई, एकटी राहते, चाळीसेक वर्षं तरी झाली असतील. गेल्या आठवड्यात मालकाचा फोन आला की मार्चअखेर खालची जागा रिकामी होतेय, आमच्यापेक्षा मोठी आहे, बाळ येतंय तर तुम्हाला आधी विचारतो. नवरा म्हणतो घेऊ, आपण नाही घेतली तर दुसरं कुणी घेईलच. मला झोप लागत नाही. सिन्योरा जिन्यात भेटली की मी खाली बघते. आमची चाळ पाडली तेव्हा आजी ट्रान्झिट कॅम्पात गेली आणि नव्या घराची चावी यायच्या आत वारली. इथे समोरच्या भिंतीवर कुणीतरी रंगाने लिहून ठेवलंय की ब्रंच नको, घरं हवीत, आणि तो ब्रंचवाला कॅफे आम्ही आल्यावरच उघडलाय आणि मी तिथे लॅपटॉप घेऊन बसते. ते माझ्यासाठीच लिहिलंय असं वाटतं. आम्ही जागा घ्यावी का? की हा भागच सोडून जावं? - गॅलरीतली"

अगं गॅलरीतल्या बाई, तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा एकाच गोष्टीपाशी अडले. जागा रिकामी होतेय हे तुला मालकाने सांगितलं, नवऱ्याने त्यावर मत दिलं, भिंतीने पण सांगितलं म्हणे, पण सिन्योराने काय सांगितलं? अख्ख्या पत्रात ती एक शब्द बोलत नाही. ती मुलीकडे जातेय का, तिला जिना चढवत नाही म्हणून स्वतःच सोडतेय का, की तिला नोटीस आलीय आणि ती कुणाला न सांगता कपाटं आवरत बसलीय? हे माहीत नसताना तू दोन महिने... बरं, दोन आठवडे म्हण, अपराधी वाटून घेतेयस. ती जर खुशीने जात असेल तर तुझी झोप फुकट गेली आणि जर नाइलाजाने जात असेल तर तुझ्या न झोपण्याचा तिला काडीचा उपयोग नाही. दोन्हीकडून आधी खाली उतरून तिला विचारायला हवं.

मी हे इतकं ठासून का सांगतेय ते सांगते, कारण मी विचारलं नव्हतं.

मी २००३ ला मिलानोत आले आणि इझोला भागात राहिले, तुझ्यासारख्याच कासा दि रिंगिएरामधे, म्हणजे कठड्याच्या गॅलरीवाल्या बिल्डिंगमधे, तिसऱ्या मजल्यावर. आज इझोला म्हटलं की सगळ्यांना ते झाडांचे दोन टॉवर आठवतात, बॉस्को व्हेर्तिकाले, पण ते २०१४ ला झाले. त्याआधी तो रेल्वेच्या रुळांनी तोडलेला कामगारांचा भाग होता, इझोला म्हणजेच बेट, गारिबाल्दी स्टेशनच्या पलीकडे असून शहराला जणू माहीतच नव्हता. तिथे स्तेक्का म्हणून एक लांबलचक जुनी फॅक्टरीची इमारत होती, कारागिरांची, आत छोटे छोटे वर्कशॉप, कुणी लाकडाचं करणारं, कुणी लोखंडाचं, नंतर कलाकार पण आले. २००७ ला ती पाडली. मी बाल्कनीतून बघितलं. लोक विरोध करत होते, सह्या गोळा करत होते, एक बाई माझ्या दारापर्यंत कागद घेऊन आली होती आणि मी तिला म्हटलं, सॉरी, मी इथली नाही. खरंच तसं वाटायचं गं, आपण पाहुणे, आपण कशाला त्यांच्या भांडणात पडायचं, आपला व्हिसा, आपलं काम, आपण बरं.

मग २०११ ला माझ्याच दारात राक्कोमान्दाता आली, म्हणजे रजिस्टर पत्र, पोचपावतीवर सही घेऊन देतात ते. दिस्देत्ता, करार संपतोय, वाढवणार नाही. माझा करार चार अधिक चार वर्षांचा होता, आठ वर्षं होत आली होती. मी पत्र टेबलावर ठेवलं, रडले, दुसऱ्या दिवसापासून खोके भरायला लागले. चार महिन्यांत घर सोडलं. कुणाला दाखवलं नाही, कुणाला विचारलं नाही, कारण कुणाला विचारायचं तेच माहीत नव्हतं, आठ वर्षांत मी शेजाऱ्यांशी बुओनजोर्नोच्या पुढे गेलेच नव्हते. पुढे दोनेक वर्षांनी एका ओळखीच्या बाईला सहज सांगत होते तर ती म्हणाली, थांब, पत्र किती आधी आलं होतं? म्हटलं चार महिने. ती म्हणाली, कायद्याने सहा महिने आधी यावं लागतं, उशीर झाला की करार आपोआप पुढे चालू राहतो, तुला जायची गरजच नव्हती. मी तिच्या स्वयंपाकघरात बसले होते, हातात कॉफीचा कप होता, तो कप मला अजून दिसतो, पिवळा, कानाला टवका उडालेला.

म्हणून सांगते, सगळ्यात आधी तारीख.

आता नीट वाच, नवऱ्याला पण वाचायला दे. इटलीत राहत्या घराच्या भाड्याचा मुख्य कायदा १९९८ चा आहे, ४३१ नंबरचा. त्यातला नेहमीचा करार चार अधिक चार. पहिली चार वर्षं संपली की मालक मनात आलं म्हणून काढू शकत नाही, ठरावीक कारणं लागतात, म्हणजे स्वतःला किंवा बायको-नवरा, मुलं, आईवडील, भावंडं यांना राहायला हवंय, विकायचंय, मोठी डागडुजी आहे, असं, आणि ते कारण पत्रात लिहावं लागतं. आणि हे वाचून तुला धक्का बसेल, पण मुलगा राहायला येतोय असं सांगून घर घेतलं आणि बारा महिन्यांत तो आलाच नाही तर भाडेकरूला त्याच अटींवर परत घर मागता येतं नाहीतर कमीत कमी ३६ महिन्यांच्या भाड्याइतकी भरपाई. तर तुझ्या मालकाने सिन्योराला नेमकं काय कारण दिलंय आणि त्याच वेळी तो तुला फोन करून ती जागा देऊ करतोय, हे दोन्ही एकमेकांशी जुळतंय का बघायला हवं. जर तिच्या पत्रात लिहिलं असेल की मुलीला राहायला हवंय, तर तुला आलेला तो फोन फार महत्त्वाचा झाला. कधी आला, काय बोलला, आजच लिहून ठेव.

दुसरी चार वर्षं पण संपली असतील तर मात्र मालक कारण न देता नाही म्हणू शकतो, तेव्हा भाडेकरूच्या हातात फार काही उरत नाही, पण सहा महिन्यांची अट तेव्हाही असतेच. मार्चअखेर करार संपत असेल तर पत्र सप्टेंबर संपायच्या आत तिच्या हातात पडायला हवं होतं. पडलं का? नुसतं जिन्यात तोंडी सांगितलं असेल, "सिन्योरा, मार्चपर्यंत बघा हं काहीतरी," तर ती नोटीसच नाही. म्हातारी माणसं तोंडी सांगण्यावर घर सोडून जातात. माझ्या आताच्या बिल्डिंगमधे एक आजोबा असेच निघाले होते, फर्निचर विकून मोकळे झाले होते, शेजारच्या पोरीने कागद मागितला तर कागदच नव्हता, आज तिथेच आहेत.

हे सगळं तू एकटीने वाचून ठरवायचं नाहीये, मी पण वकील नाही. भाडेकरूंच्या संघटना आहेत इथे, सूनिया आहे, सिचेत आहे, जुन्या आणि मोठ्या, कामगार संघटनांच्या आधाराने चालणाऱ्या, मिलानोत ऑफिसं आहेत, थोडी सभासद फी भरली की माणूस बसून करार वाचून देतो. सिन्योराला एकटीला जायला जड जाईल, तर तू सोबत जा. आणि जाताना तुझाही करार पिशवीत टाक.

तुझा म्हणते कारण तू मधेच एका ओळीत लिहिलंयस (मी वर कापलंय ते) की तुमचा करार १८ महिन्यांचा आहे आणि एकदा नवा केलाय. म्हणजे त्रांझितोरियो. तात्पुरत्या गरजेसाठीचा करार, जास्तीत जास्त १८ महिने. पण त्यात गरज तात्पुरती का आहे त्याचं कारण लिहावं लागतं आणि त्याचा कागद जोडावा लागतो, आणि मिलानोसारख्या शहरात त्याचं भाडंही मनाला येईल ते नाही, संघटनांनी आणि मालकांनी मिळून ठरवलेल्या मर्यादेत असावं लागतं. तुझ्या नवऱ्याची नोकरी कायमची, तुम्ही बाळ इथे जन्माला घालताय, कसली तात्पुरती गरज? कारण खोटं किंवा कोरं असेल तर असा करार चार अधिक चारचा धरला जाऊ शकतो. तेव्हा खालच्या बाईचं कसं होणार म्हणून तू जागी आहेस, पण तुझ्या स्वतःच्या पायाखालचा कागद तिच्याइतकाच, कदाचित तिच्याहून पातळ आहे. मालक तुम्हाला चांगली माणसं म्हणाला ना, असालच तुम्ही चांगली, पण त्याला तुमचं चांगलं काय वाटतं ते बघ. पगार पक्का, भाषा कच्ची, कायदा माहीत नाही, आणि दोन-तीन वर्षांत आपणहून जाणार. प्रत्येक वेळी एक जोडपं गेलं की नवीन करार, नवीन भाडं. चाळीस वर्षं बसलेल्या म्हातारीपेक्षा त्याला तुम्ही का आवडता त्याचं उत्तर हे आहे. त्यातून बाहेरून आलेल्या नोकरदारांना सरकार टॅक्समधे सवलत देतं, २०२४ पासूनच्या नियमांनी अटीत बसणाऱ्याच्या निम्म्या पगारावर पाच वर्षं टॅक्स नाही, आणि त्यातला काही भाग शेवटी भाड्यात जातो, मालकांना ते बरोबर ठाऊक असतं. नवऱ्याला ती सवलत मिळत असेल तर त्याने घेऊ नये असं मी अजिबात म्हणत नाही, फक्त तुमच्याकडे जास्त पैसे कुठून आले आणि ते कुठे जातायत एवढं माहीत असू द्या.

आता तुझ्या आजीबद्दल. मला वाटतं तू पत्र खरं तिच्यासाठी लिहिलंस. गॅलरी बघून तू घर घेतलंस, त्याच गॅलरीखाली एक म्हातारी निघायच्या बेतात आहे, तुला लालबाग आठवणार नाही तर काय होणार. आणि सारखेपणा खरा आहे गं, तू उगाच ओढून ताणून आणत नाहीयेस. रिंगिएरा पण कामगारांसाठीच बांधल्या, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी-विसाव्याच्या सुरुवातीला, एका गॅलरीवर सगळ्यांची दारं, संडास गॅलरीच्या टोकाला सामाईक, अंगणात नळ, वाळत घातलेले कपडे, एकाच्या घरची भांडणं सगळ्यांना ऐकू. आणि कारखाने गेल्यावर जसं गिरणगावाचं झालं तसं यांचंही झालं, तुमच्या तिथून मेट्रोने सरळ पुढे गेलं की सेस्तो सान जोव्हान्नी, तिथल्या पोलादाच्या भट्ट्या, इकडे बिकोक्काला पिरेल्लीचा टायरचा कारखाना, सगळं बंद झालं किंवा हललं, आणि कामगारांची घरं मागे उरली ती आता "कॅरेक्टर असलेली घरं" म्हणून जाहिरातीत येतात.

पण एका बाबतीत लालबागचा हिशोब इथे लावू नकोस. आपल्याकडे पागडीच्या भाडेकरूला हक्क असतो, चाळ पाडली तर नव्या इमारतीत त्याला घर द्यावं लागतं. उशीर होतो, बिल्डर पळतो, ट्रान्झिट कॅम्पात माणसं जातात, तुझी आजी गेली, ते सगळं खरं, पण कागदावर तुझ्या घरच्यांचं नाव होतं. सिन्योराचं तसं काही नाही. चाळीस वर्षं राहिली म्हणून भिंतीतली एक वीट तिच्या नावावर होत नाही. तिचा हक्क म्हणजे करारावरची वर्षं आणि नोटिशीचे महिने, बस. कोपऱ्यावरच्या दुकानदाराला तिच्यापेक्षा जास्त संरक्षण आहे, दुकानाचा करार सहा अधिक सहा असतो आणि मालकाने काढलं तर सहसा १८ महिन्यांच्या भाड्याइतके पैसे देऊन काढावं लागतं, कारण दुकानदाराने तिथे गिऱ्हाईक जमवलेलं असतं. चाळीस वर्षं जमवलेल्या शेजाराचे पैसे मात्र कुणी देत नाही. म्हणून तिच्यासाठी तारीख बघणं ही छोटी गोष्ट नाही, तिच्याकडे तेवढंच आहे.

भिंतीवरच्या त्या वाक्याचं आता. मला विचारशील तर ते तुझ्यासाठी लिहिलेलं नाहीये आणि तुझ्यासाठी नाहीच असंही नाही. मिलानोत घरभाडं हा खरा प्रश्न आहे, २०२३ च्या मे महिन्यात पोलितेक्निकोच्या एका विद्यार्थिनीने कॉलेजसमोर तंबू ठोकला होता, भाडं परवडत नाही म्हणून, आणि मग देशभरच्या युनिव्हर्सिट्यांसमोर तंबू उभे राहिले. त्या मुली इथल्याच, भाषा येणाऱ्या, तरी घर नाही. तुमच्या व्हिया पादोवाने तर दोन्ही टोकं बघितलीत. चार किलोमीटरचा रस्ता, पन्नास-साठच्या दशकात दक्षिणेतून पुलिया, कालाब्रियाची माणसं कामाला आली तेव्हा उत्तरेतल्या शहरांत दारांवर पाट्या असायच्या की दक्षिणेतल्यांना घर मिळणार नाही. सिन्योराला विचार, तिचे आईवडील कुठले, मी पैज लावत नाही पण मला अंदाज आहे. मग इजिप्तचे, पेरूचे, चीनचे, बांगलादेशचे लोक आले. २०१० च्या फेब्रुवारीत तिथे एका इजिप्शियन तरुणाचा भोसकून खून झाला, रस्त्यावर गाड्या उलटल्या, दुकानं फुटली, नंतर पालिकेने दुकानांच्या वेळांवर बंधनं आणली, आणि त्या वेळी कुणी म्हटलं मी व्हिया पादोवाला राहते तर समोरचा माणूस गप्प व्हायचा. त्याच वर्षी तिथल्या लोकांनी उत्सव सुरू केला, त्याचं नावच "व्हिया पादोवा मिलानोपेक्षा भारी", असा अर्थ होतो. आणि काही वर्षांतच कुणीतरी तुमच्या भागाला लोरेतो चौकाच्या उत्तरेला म्हणून नोलो असं नाव पाडलं, न्यूयॉर्कच्या सोहोच्या चालीवर, ते आता पालिकेच्या नकाशात पण आहे आणि एजंटच्या प्रत्येक जाहिरातीत आहे. तुमच्या पास्तर मेट्रो स्टेशनवरून दुओमो, म्हणजे शहराच्या मधलं मोठं चर्च, सहा स्टेशनं, १९६४ पासून सहाच आहेत, तेव्हा कुणाला ते जवळ वाटत नव्हतं.

या सगळ्यात तू कुठे बसतेस? तू पत्रात चार वेळा स्वतःला एक्स्पॅट म्हटलंयस. तो शब्द जरा बाजूला ठेव. पेर्मेस्सोसाठी, म्हणजे राहायच्या परवान्यासाठी, क्वेस्तुराच्या, पोलीस मुख्यालयाच्या, रांगेत तू पहाटे उभी राहतेस तेव्हा तुझ्या पुढे खालच्या दुकानातला बांगलादेशी असतो, तुझ्या मागे पिझ्झा भाजणारा इजिप्शियन. आपल्याच पासपोर्टवरचे हजारो पंजाबी पो नदीच्या खोऱ्यात गाईंचं दूध काढतात, त्यांना इथे कुणी एक्स्पॅट म्हणत नाही, इमिग्रातो, म्हणजे स्थलांतरित, म्हणतात, आणि त्यांनी नोव्हेलारासारख्या छोट्या गावात २००० साली मोठा गुरुद्वारा उभा केला, मुलांना शाळेत घातलं, तिथलेच झाले. शब्दाचा फरक पगाराचा आहे. आणि एक्स्पॅट म्हटलं की मनात आपोआप येतं की आपण थोड्या दिवसांचे, मी जे दारात आलेल्या बाईला म्हटलं होतं, मी इथली नाही. पोटात बाळ घेऊन तू असं म्हणू नकोस. ते बाळ त्या अंगणात खेळणार आहे.

तेव्हा रेसिदेंझा, म्हणजे इथला राहता पत्ता, नोंदवलीय का ते सांग. नसेल तर नवऱ्याला या आठवड्यात अनाग्राफेचा, म्हणजे पालिकेच्या रहिवासी नोंदणीचा, अर्ज भरायला लाव, ऑनलाइन होतो. मालक नको म्हणत असेल (बरेच म्हणतात) तर त्याला नको म्हणायचा अधिकार नाही, करार त्रांझितोरियो असला तरी. बाळाचा डॉक्टर, पाळणाघर, पुढे जास्त मुदतीचे कागद, सगळ्यात ती नोंद कामाला येते, आणि नागरिकत्वासाठीची दहा वर्षं तर तिच्यापासूनच मोजतात. आणि बेलवर तुमचं आडनाव लाव. तू लिहिलंस की अजून आधीच्या भाडेकरूचं आहे. दोन वर्षं! पोस्टमनला माहीत नाही तुम्ही कोण, सिन्योराला तरी कसं असेल.

इटालियन. तू म्हणतेस ऑफिसचं इंग्लिशमधे चालतं, दुकानात हिंदी चालते. हिंदी चालते हे मला माहितीय, कोथिंबीर आणि भेंडी मी पण व्हिया पादोवावरून आणते. पण करार हिंदीत नसतो. सरकारी प्रौढ शाळा आहेत, चिपिया म्हणतात, अगदी थोड्या पैशांत शिकवतात. आणि पार्को त्रोत्तेरमधे जात जा, चालायला सांगितलंच असेल डॉक्टरने, पूर्वी घोड्यांच्या शर्यतींचं मैदान होतं, मग तिथे क्षयाची भीती असलेल्या अशक्त मुलांसाठी उघड्यावरची शाळा काढली, आजही शाळा आहे आणि अर्ध्या जगाची मुलं तिथे शिकतात. बाकावर बसलेल्या आया तुला तीन महिन्यांत जितकं इटालियन शिकवतील तितकं कुठलं ॲप शिकवणार नाही. शनिवारी सकाळी शेजारी रस्त्यावर टेबलं टाकून एकत्र नाश्ता करतात ते पण तुमच्याच भागात सुरू झालंय, घरून काहीतरी घेऊन जायचं आणि बसायचं. कांदेपोहे घेऊन जा, लिंबू वरून पिळ, संपतात, माझा अनुभव आहे.

कॅफेत बसायचं सोडू का असं विचारलंयस. नको सोडू. तुझ्या एका कॉफीने भाडी वाढत नाहीत आणि सोडल्याने खाली येत नाहीत. तसंच भाग सोडून जाण्याचं. तुम्ही गेलात तर मालक तुमच्या जागी जास्त भाड्याचं माणूस आणेल नाहीतर दाराला कोड लावून टुरिस्टना रात्रीच्या हिशोबाने देईल, चाकाच्या बॅगा गॅलरीवरून रात्री दोनला खडखडत जातील आणि सिन्योराला वरून एकही ओळखीचा आवाज येणार नाही. जाण्याने तुझं मन हलकं होईल, पण तेवढंच होईल.

जागेचं. सिन्योरा स्वतःहून जात असेल, मुलीकडे, बहिणीकडे, लिफ्टवाल्या घरात, आणि तिने तसं तुला स्वतःच्या तोंडाने सांगितलं, तर घ्या ती जागा, आनंदाने घ्या, पण नीट चार अधिक चारचा करार करून, नोंदणी झालेला. तिला नोटीस वेळेत आली असेल, कायदेशीर असेल आणि तिला जायचं नसेल, तर संघटनेतली माणसं तिच्यासाठी मुदत वाढवून मागता येते का बघतील, तिचं वय कोर्टात मोजलं जातं, आणि तोवर तुम्ही मालकाला हो म्हणू नका, कारण तुमचा होकार खिशात असला की त्याला तिच्याशी बोलायची गरजच राहत नाही. नवऱ्याचं "दुसरं कुणी घेईलच" मी ऐकलंय. घेईलही. पण दुसऱ्याला खालच्या बाईचा आवाज माहीत नाही, तुम्हाला माहितीय, आणि त्या घरात तुमचं बाळ रांगणार असेल तर तिथून ती कशी गेली हे तुम्ही दोघं रोज आठवणार. आणि नोटीस चुकीची असेल, उशिराची असेल, खोट्या कारणाची असेल, तर ती जागा घ्यायची नाही. इथे मला दुसरं मत नाही. बाळाला पहिलं वर्ष वेगळी खोली लागत नाही गं, तुझी आजी कितीजणांत वाढवत होती मुलं ते आठव.

मालक चिडेल का? चिडू शकतो. म्हणून तर म्हटलं तुमचा करार पण सोबत न्या, आधी स्वतःचं काय आहे ते कळू दे, मगच त्याला फोन करा, आणि फोनपेक्षा मेल करा.

उद्या संध्याकाळी, ती पाचच्या सुमारास घरी असते असं तू लिहिलंयस, खाली जा. रिकाम्या हाताने नको, पण केक वगैरे आणून प्रसंग करू नकोस, तुमच्याकडे जे शिजलंय त्यातलं वाटीभर ने. आधी तुझं नाव सांग, बहुतेक तिला माहीत नाही. मग मालकाचा फोन आला होता ते स्पष्ट सांग, लपवू नकोस, तिला दुसरीकडून कळलं तर वाईट. आणि विचार, "सिन्योरा, पोस्सो वेदेरे ला लेत्तेरा?", म्हणजे मला ते पत्र बघता येईल का. ती चष्मा शोधेल, ड्रॉवर उघडेल, वेळ लागेल, बस तिथे. पत्र सापडलं की पाकीट पण माग, आणि पोस्टाची पोच असेल तर ती पण. फोटो काढ. पत्र कधी हातात पडलं त्याची तारीख मला लगेच कळव, आणि तिला म्हणावं पाकीट फेकू नका.